दाम : ग्रीकांच्या मुठीपासून दामदुपटीपर्यंत

प्रश्न शारजात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. ते म्हणतात, ‘पगार दिरहममध्ये मिळतो. आमच्या ऑफिसातला ग्रीक सहकारी म्हणाला, दिरहम हा शब्द मूळचा आमचा, ड्राख्मावरून अरबांनी उचललेला. रात्री आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, दिरहम असो नाहीतर काही असो, दाम करी काम. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपला दामसुद्धा त्यांचाच का? आणि असेल तर दामदुप्पट, दमडी, छदाम, साम-दाम-दंड-भेद, दामाजीपंत, दामोदर, झालंच तर इंग्रजांचं ते “डोन्ट गिव्ह अ डॅम”, हे सगळे एकाच घरचे का?’

आधी थोडक्यात सांगून टाकतो. तुमचा सहकारी बरोबर आहे, आणि तुमची शंकाही. ड्राख्मा, दिरहम, आपला दाम, त्याची लेक दमडी आणि नातलग छदाम ही सख्खी-चुलत भावंडं. दामोदर परका. साम-दाममधला दाम घुसखोर. आणि इंग्रजांच्या डॅमचा इथं काडीचाही संबंध नाही. आता सविस्तर.

मी भाषाशास्त्राचा प्राध्यापक नाही. तीसेक वर्षं जुनी नाणी हाताळतोय, शिलालेखांची वाचनं जमवतोय, त्यामुळं शब्दाकडं बघायची माझी रीत थोडी सराफी आहे : आधी वजन, मग धातू, मग ठसा आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव सगळ्यात जास्त फसवतं.

सुरुवात ग्रीसमधल्या लोखंडी सळयांपासून. नाणी पाडायच्या आधी ग्रीक लोक मांस भाजायच्या सळ्या चलन म्हणून वापरत. अशा सळईला ‘ओबेलोस’ म्हणत, आणि पुढं त्यावरून ‘ओबोलोस’ हे छोट्या नाण्याचं नाव झालं. एका मुठीत सहा सळ्या मावतात. मुठीत पकडणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्या मूठभर सळयांना ‘ड्राख्मे’ म्हणू लागले. ही निव्वळ दंतकथा वाटेल, पण ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं ती नोंदवून ठेवली आहे आणि आर्गोसच्या हेरा देवीच्या मंदिरात वाहिलेला लोखंडी सळयांचा जुडगा उत्खननात खरोखर सापडला आहे. चांदीचं नाणं आल्यावरही सहा ओबोलोसचा एक ड्राख्मा हे प्रमाण तसंच राहिलं. अथेन्सचा ड्राख्मा साधारण ४.३ ग्रॅम चांदीचा. घुबडाचं चित्र असलेलं अथेन्सचं जे प्रसिद्ध नाणं, ते चार ड्राख्मांचं.

अलेक्झांडरनंतर बाल्ख आणि काबूलकडं ग्रीक राजे टिकून राहिले आणि त्यांनी आपल्याकडं चांदीचे ड्राख्मे पाडले. मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा, त्याचं नाणं अडीच ग्रॅमच्या आतबाहेरचं. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडची त्या काळची लिपी. हे नाणं फार लांबपर्यंत फिरलं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशानं लाल समुद्र आणि हिंदी महासागरातल्या व्यापाराची जी मार्गदर्शिका लिहिली (‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते), तिच्यात तो सांगतो की भडोचच्या बाजारात अजून अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या नावांचे जुने ड्राख्मे चालतात. राजे जाऊन शे-दोनशे वर्षं झाली होती, तरी नाणं चालत होतं. व्यापाऱ्याला राजाशी काय देणंघेणं! चांदी खरी आहे ना, मग पुरे.

आता महाराष्ट्राकडं येऊ. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला एक मोठा साठा सापडला, चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. पराभूत राजाच्या नाण्यावर आपली मोहोर उठवायची, वितळवत बसायचं नाही, हा व्यवहारी खाक्या. नहपानाच्या या नाण्यावर राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा ग्रीक नाही. प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत उतरवलाय. आपण आज मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितो ना, तसंच.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नाणं ड्राख्माच्या घाटाचं, पण लोक त्याला ड्राख्मा म्हणत नव्हते. नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेण्यात ठेवींचा हिशेब कोरून ठेवतो, विणकरांच्या श्रेणीकडं, म्हणजे संघाकडं, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं, दुसऱ्या श्रेणीकडं एक हजार पाऊण टक्क्यानं, आणि या रकमा तो सांगतो त्या ‘काहापण’ म्हणजे कार्षापणात. म्हणजे वस्तू आपल्याकडं आधी आली, शब्द मागून. बऱ्याच लेखांत ‘ग्रीकांनी नाणं आणलं आणि त्याबरोबर दाम हा शब्द आला’ असं एका दमात सांगून मोकळे होतात. ते मला पटत नाही.

मग शब्द कसा आला? ग्रीक ड्राख्मे इराणात गेला तेव्हा त्याचा ‘द्रहम’ झाला. सासानी राजांचं चांदीचं पातळ, पसरट नाणं म्हणजे द्रहम, वजन चार ग्रॅमच्या वर थोडं. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निकुंड आणि दोन राखणदार. पाचव्या शतकाच्या शेवटी हूणांनी सासानी राजा पेरोझचा पराभव केला आणि ही नाणी पोत्यांनी हिंदुस्थानात उतरली. मग त्यांच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या. पाच-सहाशे वर्षांत राजाच्या तोंडाच्या नुसत्या रेघा उरल्या, अग्निकुंडाचे ठिपके झाले, चांदीत तांबं वाढत गेलं. गुजरात, राजस्थान, माळवा, कोकण सगळीकडं ही नाणी सापडतात. संग्राहक त्यांना ‘गधैया’ म्हणतात. नवखा माणूस असं नाणं हातात घेऊन उलटसुलट करतो आणि विचारतो, यावर आहे तरी काय? त्याला उत्तर द्यायचं : इराणचा राजा आहे, पण आता तू शोधून काढायचास.

‘द्रम्म’ हा संस्कृत शब्द लेखांत जोरात दिसू लागतो तो याच काळात. मध्य आशियातल्या निया इथं सापडलेल्या खरोष्ठी कागदपत्रांत ‘त्रख्म’ असं रूप मिळतं. ते थेट ग्रीकांच्या जवळचं. पण आपल्या द्रम्ममधला जोडाक्षरी ‘म्म’ मला इराणी ‘ह्म’ची आठवण करून देतो. ब्रह्मचं प्राकृतात जसं बम्ह-बम्म होतं, तशीच ही चाल. म्हणून माझं मत असं की मूळ माणूस ग्रीक, पण आपल्या दारात तो इराणी वेशात आला. यावर दुमत आहे आणि राहील.

याच द्रहमला अरबांनी दिरहम केलं. सातव्या शतकाच्या शेवटी उमय्यद खलिफा अब्दुल मलिक यानं चित्रं काढून टाकून नुसत्या अक्षरांची नाणी पाडली, सोन्याचा दिनार आणि चांदीचा दिरहम. दिरहम साधारण २.९७ ग्रॅमचा. जोडीतला दिनारही उसना, रोमन ‘देनारियस’चा. गंमत म्हणजे रोमचा देनारियस चांदीचा होता आणि पूर्वेकडं येऊन तो सोन्याचा झाला. आपल्या गुप्तांचा ‘दीनार’ही सोन्याचा. नाव तेच, धातू बदलला. असं नाण्यांच्या बाबतीत सर्रास होतं, म्हणून म्हणतो नाव फसवतं.

आता कोकणात या. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत नवव्या शतकातला एक लेख आहे, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला, शिलाहार कपर्दी त्याचा मांडलिक. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक तिथल्या भिक्षूंसाठी शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवतो. आणि परळला सापडलेला ११८७ सालचा शिलाहार अपरादित्याचा लेख तर मुंबईकरांनी मुद्दाम वाचावा असा. साष्टीतल्या माहुल गावच्या एका वाडीचं चोवीस द्रम्मांचं उत्पन्न राजानं देवाच्या पूजेला लावून दिलंय. मजकूर संस्कृत आहे, पण दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी मात्र चक्क मराठीत. ती इथं लिहिण्याजोगी नाही. शासनाची भाषा संस्कृत आणि दम भरायची भाषा मराठी, हे बाराव्या शतकात ठरलेलं होतं म्हणायचं.

आता या सगळ्या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. इथं थोडा रेंगाळणार आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. गणिताला हात घालण्याआधी ते कोष्टक देतात : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या कवड्या किती? वीस गुणिले चार गुणिले सोळा, १२८०. हा आकडा लक्षात ठेवा. पुढं अपूर्णांकांच्या प्रकरणात ते एक उदाहरण घालतात. एका कंजूष माणसानं याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा भाग दिला, तर बाळा, त्यानं किती कवड्या दिल्या? पाटी घेऊन बसा. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे पाव. पावाचा पाचवा भाग एक विसांश, त्याचा सोळावा भाग ३२०वा, त्याचा चौथा भाग १२८०वा. आणि द्रम्माच्या कवड्या १२८०. म्हणजे एवढा लांबलचक आव आणून त्या चिक्कूनं दिली एक कवडी! आपल्याकडं ‘कवडीचुंबक’ म्हणतात तो हाच प्राणी. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गणिताच्या पुस्तकातला हा विनोद मुलांना जरूर घालून बघा. अपूर्णांकांना घाबरणारी मुलंसुद्धा उत्तर आल्यावर हसतात.

याच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला देणगी दिली, आणि १२०७ सालच्या सुमाराचा तो शिलालेख पाटणच्या देवीच्या देवळात आहे. वरचा भाग संस्कृत, खालचा जुन्या मराठीत. बाजारात जो माल विकायला उघडेल त्यावर मठाला काय मिळायचं, घाण्यामागं किती तेल, हे सगळं त्यात आहे. त्यातलं एक वाक्य असं : ‘ग्राहकापासी दामाचा वीसोवा आसूपाठी नगरें दीन्हला.’ आसू हे त्या काळचं नाणं. दर आसूमागं गिऱ्हाइकाकडून दामाचा विसावा भाग नगरानं मठाला दिला.

बघा काय झालंय ते. आजोबा संस्कृतात ‘द्रम्म’ लिहितात, आणि नातवाच्या मठाच्या दारात मराठी माणूस ‘दाम’ लिहितो. मधे दोन पिढ्या आहेत, पण खरा फरक पिढ्यांचा नाही. पुस्तकाची भाषा आणि बाजाराची भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या, एवढंच.

हा लेख आणखी एका वादाचा निकाल लावतो. ‘दाम’ हा शब्द मुसलमानी अमदानीत फारसीतून मराठीत आला असं पुष्कळ जण धरून चालतात, कारण तो अकबराच्या नाण्याचं नाव म्हणून ठाऊक असतो. पण अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला १२९६ मध्ये. पाटणच्या लेखात दाम त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी आहे. तेव्हा दाम आपल्याकडं घरचाच वाढलेला.

तो घरचा वाढलेला आहे हे शब्दाच्या अंगावरही दिसतं. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृताच्या जात्यात पडलं की त्याची जोडी जुळते, मग मराठीत एक अक्षर गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. त्याच जात्यातून द्रम्म, दम्म, दाम. (मग धर्माचं ‘धाम’ का नाही झालं? तो शब्द पोथीवाल्यांनी जात्यात पडू दिला नाही.) म्हणजे तुमच्या आईंच्या तोंडची ‘दाम करी काम’ ही म्हण जुळते ती उगीच नाही. दाम आणि काम दोघंही एकाच जात्याचं पीठ आहे. तसंच ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’चं. चामाची चमडी झाली त्याच पद्धतीनं दामाची दमडी. एक शब्द अस्सल संस्कृत, दुसरा ग्रीसहून आलेला, पण मराठीनं दोघांना सारखंच वागवलं, इतकं की यमकात बसवताना खोटी ओढाताण करावी लागत नाही.

‘वीसोवा’ शब्दही सोडून पुढं जाववत नाही. विसोवा म्हणजे विसावा हिस्सा. ‘अठरा विश्वे दारिद्र्य’ यातले विश्वे हेच, वीसपैकी अठरा भाग. म्हणजे नव्वद टक्के दारिद्र्य. वीस विश्वे कोणी म्हणत नाही, दोन विश्वे आशेला राखलेले असतात.

आता अकबर. त्याच्या राज्यात दाम हे तांब्याचं नाणं होतं. चांगलं जाडजूड, जवळपास २१ ग्रॅमचं. रुपयाला चाळीस दाम. ‘ऐन-ए-अकबरी’त सबंध साम्राज्याचा महसूल दामांत मोजलाय, रुपयांत नाही. दामाच्या अर्ध्याला अधेला, चौथ्या भागाला पावला आणि आठव्या भागाला दमडी. चांदीच्या ड्राख्माचं नाव तांब्याला कसं लागलं? गधैया नाण्यांची गोष्ट आठवा. शतकानुशतकं चांदी कमी होत गेली आणि तांबं वाढत गेलं. शेवटी नाव तेवढं राहिलं.

पुढं त्याचीही उतरंड लागली. पैसा हे नाव तांब्याच्या नाण्याला चिकटलं आणि दाम नुसता हिशेबापुरता, कागदावरचा झाला : पैशाचे पंचवीस दाम. रुपयाचे पैसे ६४, म्हणजे एका रुपयाचे दाम १६००. अकबराच्या वेळी ४० होते. एखाद्या घराण्याची एवढी घसरण झाली तर त्यावर कादंबरी निघेल. पण गंमत अशी की दमडीनं आपली जागा सोडली नाही. ती पैशाचा आठवा भागच राहिली. पंचविसाला आठानं भागा, तीन दामांहून थोडी जास्त झाली दमडी. नावानं लेक, पण किमतीनं आईच्या तिप्पट! आणि दोन दमड्यांचे होतात सहा दाम, म्हणून तो ‘छदाम’. ‘एक छदामही देणार नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा पाव पैसा नाकारत असतो.

मराठीत दाम हा शब्द आज एकटा फारसा फिरत नाही. हिंदीत आणि बंगालीत दाम म्हणजे किंमत. दुकानात सरळ ‘दाम क्या है’ विचारतात. आपण भाव विचारतो, दर विचारतो, किंमत विचारतो. दाम येतो तो म्हणीत, समासात किंवा घोषणेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आठवा. तिथं ‘घामाची किंमत’ म्हटलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण रस्त्यावर ती चालली नसती. घाम आणि दाम पुन्हा एकमेकांना भेटले. आणि हो, घामही त्याच जात्यातला : घर्म, घम्म, घाम.

आता ‘दामदुप्पट’, कारण या शब्दाचं झालं ते पाहून मला खरोखर वाईट वाटतं. आज हा शब्द वाचला की पुढची बातमी डोळ्यांपुढं येते, दामदुपटीचं आमिष, गुंतवणूकदारांना गंडा, संचालक फरार. पण मूळ दामदुप्पट हे सावकाराच्या हावेला घातलेलं कुंपण होतं. मनुस्मृतीत आठव्या अध्यायात आहे, ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति सकृदाहृता’. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या दुपटीपुढं जाऊ शकत नाही, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून फार तर दुप्पट. शंभर घेतले, व्याज कितीही वर्षं साचू द्या, सावकार एकदम दोनशेच्या वर मागू शकत नाही. (धान्यासारख्या मालाला ही मर्यादा पाचपट होती.) इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम ‘दामदुपट’ याच नावानं मानला, आणि इंग्रज न्यायाधीशांच्या निकालपत्रांत तो मराठी-गुजराती शब्द जसाच्या तसा बसला. पुढं सावकारी नियंत्रणाच्या कायद्यातही थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हे तत्त्व उतरलं.

म्हणजे हजारभर वर्षं ‘दुपटीच्या वर जाऊ नकोस’ असं सावकाराला सांगणारा शब्द आज ‘ये, दुप्पट करून देतो’ असं गिऱ्हाइकाला सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अशाच एका योजनेत फंडाचे पैसे घातले. मी त्यांना दामदुपटीचा मूळ अर्थ सांगितला होता, पण पैसे बुडाल्यावर. व्युत्पत्ती नेहमी अशी उशिराच पोचते.

राहिलेले उमेदवार पटापट तपासू.

साम-दाम-दंड-भेद. अर्थशास्त्रात आणि स्मृतींत उपाय आहेत ते साम, दान, भेद आणि दंड. दाम नव्हेच, दान. शत्रूला गोड बोलून, काही देऊन, फूट पाडून आणि शेवटी मारून वश करायचं. लोकांच्या तोंडी दानाचा दाम झाला, कारण ‘साम’शी तो छान जुळतो आणि राजकारणात दिलं जातं ते दान नसतं हे लोकांना ठाऊक असतं. क्रमही बदलला, भेद मागं गेला. शास्त्रात दंड शेवटचा होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. चूक म्हणून या दामाला हाकलून देऊ नका, पण ‘चाणक्यानं दाम सांगितला’ असं कोणी म्हणालं तर थांबवा.

दामोदर. यातला दाम म्हणजे संस्कृत दामन्, दोरी. यशोदेनं ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो. आपलं ‘दावं’ त्याच घरचं. फारसीत दाम म्हणजे जाळं, फास. उर्दू शायरीत तो पदोपदी भेटतो. हौशी व्युत्पत्तीकार दोरी, जाळं आणि पैसा यांची एकत्र मोट बांधतात आणि पैसा हेच एक जाळं आहे असं प्रवचन झोडतात. प्रवचन म्हणून ठीक. तीन वेगळे शब्द आहेत.

दामाजीपंत मंगळवेढ्याचे, बहामनी काळातले. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली केली आणि विठोबा महार होऊन त्यांची भरपाई करून गेला, ही कथा तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्या नावाचा पैशाशी संबंध नाही. पण खिसा रिकामा असला की ‘आज दामाजीपंत रुसलेत’ म्हणायची थट्टेची रीत आपल्याकडं आहे. ती नुसती शब्दावरची कोटी. ज्यानं कोठार लुटवलं त्याचंच नाव पैशाला दिलं, हे मात्र मला कुठंतरी बरोबर वाटतं.

इंग्रजांचं ‘डॅम’. ही कथा फार जुनी. हिंदुस्थानातले गोरे शिपाई ‘मला एका दामाचीही पर्वा नाही’ म्हणत, त्यावरून तो वाक्प्रचार निघाला, असं सांगतात. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशानं तिला हवा दिली. ऐकायला झकास, पण ऑक्सफर्डचा मोठा कोश ती मानत नाही. तो शब्द शापाचाच, नरकात जा म्हणणारा. आपल्या शब्दानं साहेबाच्या भाषेत घर केलं याचा आनंद व्हायचाच, पण तो आनंद दुसऱ्या कशावर तरी साजरा करा.

इंग्रजीत या कुळाचा खरा वारस वेगळाच आहे, ‘ड्राम’. ड्राख्मा नाण्याबरोबरच वजनही होता, आणि युरोपात नाणं विसरलं गेलं तरी वैद्यांच्या तराजूत वजन राहिलं. औषधविक्याचा ड्राम साठ ग्रेनचा, ३.८८८ ग्रॅम. म्हणजे अथेन्सच्या चांदीपासून फार लांब गेलेला नाही. द्रवाचा ड्राम साधारण साडेतीन मिलिलिटर, एक लहान चमचा. स्कॉटलंडमध्ये घोटभर व्हिस्कीला ड्राम म्हणतात. आणि आपल्याकडं? होमिओपॅथीच्या दुकानात जा. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची ती इवली बाटली अजून एक ड्राम, दोन ड्राम अशाच मापानं विकली जाते. गल्लीतल्या डॉक्टरांच्या टेबलावर पडलेला तो शब्द आणि तुमच्या पगारपत्रकावरचा दिरहम हे भाऊ आहेत. पाण्याचा ड्रम मात्र वेगळा, तो ढोल.

शेवटी तुमच्या सहकाऱ्याशी बोलताना उपयोगी पडेल असं काही. ग्रीसनं युरो घेतला तेव्हा एका युरोला ३४०.७५ ड्राख्मा असा दर ठरला, आणि २००२ मध्ये ड्राख्मा बाजारातून गेला. आज तो त्यांच्याकडं चलन म्हणून नाही. मोरोक्कोत दिरहम आहे, आर्मेनियानं १९९३ साली स्वतःचं चलन काढलं त्याचं नाव द्राम ठेवलं, ताजिकिस्तानात सोमोनीचा शंभरावा भाग दिराम आहे. आणि तुमच्या अमिरातीत दिरहम १९७३ पासूनचा. त्याआधी शारजात काय चालायचं हे त्याला विचारून बघा. १९६६ पर्यंत तिथं रुपया चालत होता, आधी आपलाच, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं खास आखाती देशांसाठी काढलेला. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिकडच्या लोकांनी तो सोडला.

आणि आईंना विचारा, त्यांनी म्हण अर्धीच का सांगितली. पुढं आहे, ‘बिबी करी सलाम’. बिबी फारसीतून आलेली, सलाम अरबी, काम संस्कृतातून उतरलेलं, दाम ग्रीसचा. सहा शब्दांच्या म्हणीत घरचे असे दोनच उरतात, ‘काम’ आणि ‘करी’, आणि त्यातला ‘करी’ दोनदा येतो.